मंडळाच्या कॅलेंडरात चार शनिवार द्या : महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

उत्तर अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक भरते तेव्हा आधी हॉलच्या तारखा ठरतात. संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी. मग नाटक कुणाचे आणायचे, फराळ कुणाकडून मागवायचा, ढोल-ताशाच्या सरावाला पार्किंगची जागा कोण मिळवून देणार. या बैठकांना मी अकरा वर्षे बसले आहे, त्यातली दोन वर्षे खजिनदार म्हणून. त्यामुळे त्या कॅलेंडरात मोकळी जागा किती कमी असते हे मला नीट ठाऊक आहे. तरीही त्यातलेच चार शनिवार मी आज तुमच्याकडे मागते आहे. हॉल नको, स्टेज नको, तिकिटे नकोत. सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन, असे वर्षातले चार शनिवार आणि मंडळातली तीच ती दहा-बारा माणसे.

हे दिवस घर बांधण्यासाठी हवे आहेत. तुमच्या गावातले, तुमच्या घरापासून फार तर वीस मिनिटांवरचे, एका अनोळखी कुटुंबाचे घर.

मी जॉर्जियात राहते. आमच्या गावात गरजू कुटुंबांसाठी घरे बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची स्थानिक शाखा दरवर्षी मोजकीच घरे बांधते. प्लंबिंग आणि वायरिंगला परवानाधारक कारागीर असतात. सांगाडा उभा करणे, बाहेरून फळ्या ठोकणे, खिडक्या बसवणे, रंग देणे ही बाकीची बहुतेक कामे शनिवारी येणारे स्वयंसेवक करतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, चर्चमधली मंडळी असतात, कॉलेजची मुले असतात. आपली माणसे फार क्वचित दिसतात.

मी स्वतः तिथे पोचले ती काही मोठ्या विचाराने नव्हे. २००५ साली एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आले. सिव्हिलचा डिप्लोमा आणि साइटवरची चार वर्षे गाठीशी होती, पण इथे पगार घेऊन काम करायची परवानगी नव्हती. एच-४ वरच्या काही जणांना कामाचा परवाना मिळू लागला तो २०१५ च्या मे महिन्यात. तोवरची दहा वर्षे कशी जातात हे तुमच्या मंडळातल्या कितीतरी बायका सांगतील. शेजारच्या एका आजीबाईंनी मला एका शनिवारी त्यांच्या गाडीत घालून साइटवर नेले. नाव नोंदवले, एका कागदावर सही केली, डोक्यावर हेल्मेट चढवले, आणि तिसऱ्या मिनिटाला माझ्या हातात हातोडी होती. संध्याकाळी घरी येऊन बूट धुवायला घेतले तर पाणी लालभडक झाले. जॉर्जियाची माती तांबडी आहे, आमच्या संगमेश्वरच्या मातीसारखी, कपड्याला लागली की निघत नाही. त्या दिवशी मी मोरीशी बसून बराच वेळ रडले. घरची आठवण हे कारण होतेच, पण दोन वर्षांनी पहिल्यांदा माझे हात दुखत होते, त्याचा आनंद अधिक होता.

आमचे घर मी सात वर्षांची असताना बांधले. जांभ्याचे चिरे गाडीरस्त्यापर्यंत ट्रकने आले आणि तिथून वर, पाखाडीने, वाडीतल्या माणसांनी एकेक करून डोक्यावरून आणले. चिरा उचलून पाहिलेल्या माणसालाच त्याचे वजन कळते. बाबांनी कुणाला मजुरी विचारली नाही आणि कुणी मागितली नाही. आईने तीन दिवस भाताची मोठी टोपे आणि कुळथाचे पिठले रांधले. गवंडी पैसे घेऊन काम करणारा होता, सुतारही. पण चिरे वाहणे, माती भिजवणे, वासे चढवणे, कौले हातोहात वर देणे हे सगळे वाडीचे. देशावर याला इर्जिक म्हणतात, सावड म्हणतात. आमच्याकडे त्याला नाव द्यायचीही गरज पडत नसे. ‘उद्या अमक्याच्या चिऱ्यांना जायचंय’ एवढे बोलले की झाले. जायचे, कारण मागच्या मे महिन्यात तो आपल्या शाकारणीला आला होता.

ही गोष्ट मी आपल्या संस्कृतीचा मोठेपणा सांगण्यासाठी लिहीत नाही. हे काम आपल्याला परके नाही, एवढेच सांगायचे आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या आईवडिलांचे घर असेच कुणाच्या ना कुणाच्या हाताने उभे राहिले आहे.

आता ज्या शंका मला प्रत्येक बैठकीत ऐकू येतात त्यांच्याकडे वळते.

पहिली शंका: ‘फुकट घरे वाटायला आपण का राबायचे?’ ही घरे फुकट नसतात. कुटुंबाची निवड होते ती तीन गोष्टी पाहून: घराची गरज, हप्ते फेडण्याची क्षमता आणि स्वतः राबायची तयारी. निवड झालेली माणसे आपल्या आणि इतरांच्या घरांवर ठरलेले तास काम करतात; शाखेप्रमाणे आकडा बदलतो, पण दोनशे-तीनशे तास ही नेहमीची गोष्ट. याला इथे स्वेट इक्विटी म्हणतात, म्हणजे घामाने भरलेला वाटा. मग घर त्यांना नफा न घेता, बिनव्याजी किंवा परवडेल अशा कर्जावर विकले जाते. हप्ता साधारणपणे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत राहील असे पाहतात. ते हप्ते संस्थेकडे परत येतात आणि पुढच्या घराला लागतात. आपल्याकडच्या जुन्या भिशीत फिरत राहणाऱ्या पैशासारखेच हे आहे, फक्त इथे पैशाबरोबर घरेही उभी राहत जातात.

ही कल्पना निघाली ती आमच्याच राज्यात, अमेरिकस नावाच्या लहान गावाजवळ. १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे कॉइनोनिया फार्म नावाची शेती सुरू केली. गोरे आणि काळे एका पंगतीला जेवत, एका शेतात राबत. त्या काळच्या दक्षिणेत एवढे पुरेसे होते. १९५० च्या दशकात त्यांच्यावर गोळीबार झाला, बॉम्ब टाकले गेले, गावच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्याशी व्यवहार बंद केला, तेव्हा ते पोस्टाने पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) विकून जगले. १९६८ मध्ये जॉर्डन आणि मिलर्ड फुलर यांनी आसपासच्या गरीब कुटुंबांसाठी बिनव्याजी घरांची योजना आखली. पहिले घर पुरे व्हायच्या आतच, १९६९ च्या ऑक्टोबरात, जॉर्डन गेले. फुलर आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांनी पुढे आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईरमध्ये, तीन वर्षे हीच पद्धत राबवून पाहिली आणि १९७६ मध्ये हॅबिटॅट सुरू केली.

मला यात १९६८ हे साल महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत फेअर हाउसिंग कायदा झाला. त्याआधी तीस-पस्तीस वर्षे काळ्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवल्या जात आणि तिथे घरासाठी कर्ज मिळणे जवळजवळ अशक्य असे. ज्यांच्या आजोबांना कर्ज मिळाले त्यांच्या नातवंडांकडे आज घर आहे. ज्यांना नाकारले त्यांची नातवंडे आज आमच्या गावात भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहतात. आणि आपण? आपल्याला या देशाची दारे मोकळी झाली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्याच लाटेतून आला. ज्यांनी मोर्चांत मार खाल्ला त्यांच्यामुळे आपले व्हिसे निघाले, असे कुणी म्हटले तर मला ते खोडून काढता येणार नाही. साइटवर त्यांच्या मुलीच्या घराची भिंत धरून उभे राहणे हे मी उपकार म्हणून करत नाही.

दुसरी शंका धर्माची. हॅबिटॅट ही ख्रिस्ती प्रेरणेतून निघालेली संस्था आहे आणि ते ती लपवत नाही. पण घर कुणाला द्यायचे हे धर्म पाहून ठरत नाही, आणि येणाऱ्या स्वयंसेवकाला त्याचा देव कोणता हे कुणी विचारत नाही. आमच्या साइटवर सकाळी सगळे गोल उभे राहतात, कुणी चार वाक्यांची प्रार्थना म्हणतो, मग सुरक्षेच्या सूचना. मी तेवढा वेळ मनात शुभंकरोती म्हणते. घर पूर्ण झाले की किल्ली देण्याचा छोटा समारंभ होतो, तो पाहिला की आपली वास्तुशांतच आठवते. होम नसतो, पण घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या बाईचे डोळे तसेच भरलेले असतात.

तिसरी शंका सर्वांत रास्त आहे. ‘आपल्याला खिळा ठोकता येत नाही. त्यापेक्षा चेक देऊ, ते कारागीर लावतील.’ चेक जरूर द्या. लाकूड, सिमेंट, जमीन यांना पैसा लागतोच. पण २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडाले तेव्हाची गोष्ट सांगते. आम्ही इथून पैसे गोळा केले, मी स्वतः घरोघर फोन केले, पैसे पोचलेही. माझ्या मावशीच्या घरात कमरेपर्यंत गाळ होता. पैसे येण्याच्या आधी आठ दिवस मुंबईहून आलेली अनोळखी मुले फावडी घेऊन तिच्या माजघरात उतरली आणि दोन दिवसांत त्यांनी जोत्यापर्यंत घर मोकळे केले. मावशीला आमच्या पैशांचा आकडा आज आठवत नाही. त्यातला एक मुलगा मटकीची उसळ खात नव्हता, हे तिला अजून आठवते. ती त्याची चौकशी करते. आपण नेमके हेच गमावतो आहोत. वीस-वीस वर्षे एका गावात राहून, तिथे कर भरून, मुलांना तिथल्या शाळेत घालून, आपली चौकशी करणारे त्या गावात कुणी नसते.

आता एक कबुली द्यायची आहे. हे पत्र लिहायचे खरे कारणही तेच आहे.

काही वर्षांपूर्वी मीच पुढाकार घेऊन आमच्या मंडळाचा श्रमदान दिवस ठरवला. संस्थेने बारा माणसे मागितली होती. मी उत्साहात सगळ्यांना मेल टाकला आणि एकतीस जण आले. आल्यावर मंडळाचा फलक लावला, टी-शर्ट वाटले, अर्ध्या बांधलेल्या पोर्चवर फोटो काढले. त्या दिवशीचे काम होते बाहेरच्या भिंतीला व्हायनल साइडिंग लावण्याचे. हे प्लास्टिकच्या जातीचे पट्टे असतात. ते उन्हात वाढतात आणि थंडीत आखडतात, म्हणून खिळा भोकाच्या मधोमध मारायचा आणि शेवटपर्यंत ठोकायचा नाही; डोक्याखाली दहा सेंटच्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची, म्हणजे पट्टा डावी-उजवीकडे सरकू शकतो. सुपरवायझर हे नीट समजावून सांगत होते तेव्हा आपल्यातले निम्मे लोक फोटोत होते. काम करायची इच्छा सगळ्यांना होती, म्हणून प्रत्येकाने आपापला खिळा जीव लावून, अगदी घट्ट ठोकला. साडेअकराला गाड्या निघू लागल्या, कारण संध्याकाळी गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती. दुपारी आम्ही चौघे उरलो.

ऑगस्टचे ऊन होते. दहा-बारा दिवसांत त्या भिंतीला लाटा आल्या. पट्टे फुगले, मधे पोट काढून उभे राहिले. सुपरवायझर आणि दोन निवृत्त स्वयंसेवक, त्यांतले एक सत्तरीचे, यांनी तीन सकाळी खर्चून एकेक खिळा उपटला आणि भिंत पुन्हा केली. मला हे कुणी कळवले नाही. पुढच्या शनिवारी एकटी गेले तेव्हा उपटलेल्या खिळ्यांची बादली दिसली. मी माफी मागितली. सुपरवायझर म्हणाले, पुढच्या वेळी सहाच आण, पण दर वेळी तेच सहा आण.

तेव्हापासून आम्ही सहा जण आहोत. पहिले दोन शनिवार आमचा उपयोग कमी आणि त्रासच जास्त होता. तो तसाच असतो, कारण नवख्याला शिकवण्यात कुणाचा तरी तास जातो. तिसऱ्या खेपेला आम्हाला पेन्सिल कुठे ठेवतात, करवतीजवळ कुणी उभे राहायचे नाही, खडूची दोरी ताणून सरळ रेघ कशी मारायची हे विचारावे लागत नव्हते. पाचव्या खेपेला आमच्यातल्या दोघींना नवीन आलेल्या कॉलेजच्या मुलांना खिडकीची चौकट दाखवायला सांगितले. म्हणून माझी मागणी एका मोठ्या दिवसाची नाही. शंभर माणसांचा एक दिवस साइटला जड जातो. दहा माणसांचे चार दिवस मात्र घर पुढे नेतात.

आमच्या सहा जणांत सुतारकाम कुणालाच येत नव्हते. तरी सांगलीहून मुलीकडे आलेले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, सर्वांत उपयोगी पडले. ते शिडीवर चढत नाहीत, हातोडीही फारशी धरत नाहीत. कापायच्या लाकडांची यादी त्यांच्याकडे असते. कुठल्या मापाचे किती तुकडे कापून झाले, किती राहिले, कुठला तुकडा दुसरीकडे जिरवता येईल, हे ते पेन्सिलीने पुठ्ठ्यावर मांडतात. त्यांच्यामुळे त्या घराला लाकूड कमी लागले असे सुपरवायझर सांगतात. परदेशी मुलांकडे येऊन सहा-सहा महिने खिडकीशी बसणाऱ्या आपल्या आईवडिलांकडे पाहून मला नेहमी वाटते, यांच्याजवळ केवढे कसब पडून आहे. व्हिसाची शंका असेल तर आधी संस्थेला आणि वकिलाला स्पष्ट विचारून घ्या, पण वयाची शंका काढू नका.

वयाचे म्हणाल तर एक गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत हवी. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हॅबिटॅटसाठी हातोडी घेऊन उभे राहिले हे सगळ्यांनी वाचलेले असते. १९८४ मध्ये ते न्यूयॉर्कला एका पडक्या इमारतीत १९ कुटुंबांची घरे करायला गेले, आणि पुढे नव्वदी ओलांडली तरी जात राहिले. २०१९ च्या ऑक्टोबरात, ९५ व्या वर्षी, घरात पडून कपाळाला १४ टाके पडले आणि दुसऱ्या दिवशी ते नॅशव्हिलच्या साइटवर हजर होते. पण त्यांच्या आधी त्यांची आई. लिलियन कार्टर, पेशाने नर्स, वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून, भारतात आल्या आणि १९६६ ते १९६८ मुंबईत विक्रोळीला, गोदरेज वसाहतीत, दवाखान्यात काम केले. जॉर्जियातल्या प्लेन्ससारख्या खेड्यातून निघून विक्रोळीला! आणि २००६ मध्ये मुलगा आणि सून लोणावळ्याजवळ मळवलीला आले, देशोदेशीच्या स्वयंसेवकांबरोबर एका आठवड्यात शंभर घरे बांधण्यासाठी. पुण्याहून मुंबईला जाताना मळवली स्टेशन लागते तेव्हा माझे लक्ष आता आपोआप बाहेर जाते.

प्लेन्सची एक म्हातारी बाई आपल्या वस्तीत येऊन जखमा धुऊन गेली. प्लेन्सपासून दोन-तीन तासांवर राहणारी मी, तिच्या गावच्या बाजूला कुणाच्या भिंतीला चार खिळे मारते. मला हा हिशेब बरोबर वाटतो.

मुलांविषयी थोडे. सोळा वर्षांखालच्यांना बांधकाम चालू असताना साइटवर घेत नाहीत. सोळा-सतराच्या मुलांना येता येते, पण छपरावर आणि विजेच्या करवतीवर नाही. कॉलेजच्या अर्जात तास लिहायचे म्हणून कुणी मुलांना पाठवणार असेल तरी पाठवा. एकदा भिंत उभी करताना धरली की तास मोजायचे ते स्वतःच विसरतात. जमिनीवर आडवी बांधलेली भिंत आठ-दहा जण मिळून उचलतात तेव्हा मधे एक क्षण येतो, कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली, तिथे सगळे वजन हातात येते आणि कुणीच सोडू शकत नाही. मग ती एकदम हलकी होऊन उभी राहते. माझा मुलगा सतरा वर्षांचा असताना तो क्षण त्याने पहिल्यांदा अनुभवला. परतताना गाडीत त्याने मला आजोबांच्या घराचे चिरे कुणी आणले होते ते विचारले. त्याआधी सतरा वर्षांत त्याने हे कधी विचारले नव्हते.

स्वयंपाकघर नवीन करणाऱ्या घरांसाठीही एक सूचना. जुनी कपाटे, सिंक, दारे, दिवे कचऱ्यात टाकू नका. हॅबिटॅटची रिस्टोअर नावाची दुकाने असतात. १९९१ साली कॅनडात विनिपेगला पहिले निघाले, आता ती गावोगावी आहेत. तुमच्या जुन्या वस्तू तिथे विकून आलेला पैसा घरांना लागतो. मंडळाच्या वार्तापत्रात दोन ओळी छापल्या तरी पुरे.

आणि एक अवघड मुद्दा, जो मी टाळणार होते. नगरपालिकेत लहान प्लॉटवर लहान घरे बांधायला परवानगी द्यायची का, यावर सुनावण्या होतात. विरोध करायला येणाऱ्यांत आपल्या सबडिव्हिजनमधली आपली माणसेही असतात. ट्रॅफिक वाढेल, शाळेवर ताण येईल, घरांच्या किमती उतरतील. अशा एका विरोध-अर्जावर माझ्या ओळखीच्या सात मराठी घरांच्या सह्या होत्या. त्यांतली एकही व्यक्ती वाईट नाही. संकटात मला रात्री दोनला दार उघडतील अशी ती माणसे आहेत. ज्यांची घरे होणार होती त्यांना ते कधी भेटले नव्हते, एवढेच. त्या सात घरांतल्या दोघी आता आमच्या सहा जणांत आहेत. पुढच्या सुनावणीला त्या बोलायला उभ्या राहिल्या, आणि बाजूने बोलल्या. हे चेक देऊन झाले नसते.

मागच्या वसंतात ज्या घरावर आम्ही काम केले ते एका बाईचे आणि तिच्या तीन मुलांचे. ती एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते आणि शनिवारी न झोपता थेट साइटवर येते. आतून ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे तक्ते, बसण्याच्या आधी, भिंतीचा लाकडी सांगाडा उघडा असतो तेव्हा, त्या उभ्या लाकडांवर सगळ्यांनी मार्करने काहीतरी लिहायची पद्धत आहे. कुणी बायबलमधली ओळ लिहितो, कुणी मुलांसाठी आशीर्वाद. मी मोठ्या मुलीच्या खोलीत देवनागरीत लिहिले, ‘या घराला कुणाची नजर न लागो.’ तिने विचारले, काय लिहिलेस? मी सांगायचा प्रयत्न केला. नजर लागणे म्हणजे काय, मीठ-मोहऱ्या ओवाळणे म्हणजे काय. ती हसली नाही. म्हणाली, माझी आजी किनाऱ्याकडची, ती पोर्चचे छत निळे रंगवायची, भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून. त्या निळ्या रंगाला इकडे हेंट ब्लू म्हणतात. दोन आठवड्यांनी रंगाचे काम निघाले तेव्हा तिने पोर्चच्या छतासाठी तोच रंग मागितला. शिडीवर ती, खाली डबा धरून मी. रंग टपकून माझ्या हेल्मेटवर पडला, तो डाग मी ठेवला आहे.

तर माझी विनंती अशी. येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या. तुमच्या गावात घर बांधणारी वस्तीतली संस्था कोणती ते शोधा. हॅबिटॅटच असली पाहिजे असे नाही, जी संस्था तिथल्या लोकांबरोबर बसून काम करते ती पाहा. आधी फोन करून किती माणसे हवीत ते विचारा आणि तेवढीच न्या. एक समन्वयक नेमा, त्याला कार्यक्रमाच्या इतर जबाबदाऱ्या देऊ नका. फलक घरी ठेवा. जेवण आपण न्या: साबुदाण्याची खिचडी आणि बटाटेवडे साइटवर पाच मिनिटांत संपतात, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का हे मात्र आधी विचारून घ्या, आमच्या हातून ही चूक होता होता राहिली. गणपतीच्या आधीचे दोन शनिवार धरू नका, कुणी येणार नाही. मार्च, एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबर बरे पडतात, निदान आमच्या दक्षिणेत. उत्तरेकडच्या मंडळांनी आपापली थंडी पाहून ठरवावे.

पहिल्या शनिवारी काय करायचे हे विचारायला कुणाला मला बोलवायचे असेल तर मी येईन, गाडीने पाच-सहा तासांच्या आत असेल तर स्वतःच्या खर्चाने येईन. बंद बूट हवेत, चप्पल-सँडल चालत नाही. जुने असलेलेच घाला; जॉर्जियात येणार असाल तर नक्कीच. तांबडी माती पुन्हा निघत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद,
जॉर्जिया